एल्बिओची चोवीस नावं

हिशेब साधा होता. आमच्या पासो ओंदो गावात खासदारांच्या यादीला पन्नास मतं मिळवून दाखवली, तर एल्बिओ तेचेराच्या मुलीला गावच्या पालिका कचेरीत झाडलोटीची नोकरी लागणार होती, कायमची. लूर्देस गेली सहा वर्षं समुद्राकाठच्या हॉटेलात परक्यांच्या चादरी बदलतेय. नोकरी लागली की ती परत येणार, तिच्याबरोबर सात वर्षांची नात येणार, शाळेतली मुलं सहाची सात होणार, आणि एल्बिओची बायको नीबिया दर रविवारी फोनवर मोठमोठ्याने हसून दाखवते ते बंद होणार. एवढ्या सगळ्याला पन्नास कागद. सौदा स्वस्तातला आहे असं मलाही वाटलं होतं.

माझा फायदाही सांगून टाकते. मी पोस्टात असते. सरकारी माणूस म्हणून मला मतदान केंद्रावर चिटणीस नेमलं होतं, आणि दिवसभर तिथे बसलं की पाच दिवसांची रजा मिळते. पाच दिवस रजा घेऊन पासो ओंदोत करायचं काय, हा प्रश्न वेगळा.

ऑक्टोबरातली निवडणूक सक्तीची असते. नाही गेलात तर दंड, त्यामुळे अंथरुणाला खिळलेलेही खुर्चीसकट येतात. जूनमधली मात्र पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी कोणाला उभं करायचं तेवढं ठरवण्यापुरती. यायचं तर या, नाहीतर चुलीपाशी बसा. आणि आमच्याकडे जून म्हणजे ऐन थंडी. आमच्या मतदारयादीत माणसं दोनशे शहाऐंशी. त्यातले निम्मे राजधानीत, मोंतेविदेओत राहतात आणि गावात फक्त नाव ठेवून गेलेत.

आमच्याकडे मत म्हणजे छापील कागद. वर राष्ट्राध्यक्षपदाच्या इच्छुकाचा फोटो, खाली गावातल्या माणसांची नावं. ही माणसं म्हणे पक्षाच्या जिल्हा अधिवेशनात बसणार. कोणी बसत नाही, पण नाव छापून येतं. कागद पाकिटात घालायचा, पाकीट पेटीत टाकायचं. कोणत्या यादीचे किती कागद निघाले ते मोजणीत दिसतं, आणि यादी आणणाऱ्याची पत तिथेच ठरते.

एल्बिओने चाळीस वर्षं शेतांना तारेची कुंपणं घातली. प्रत्येक घराचा कुत्रा त्याला ओळखतो. यादीसाठी त्याने चोवीस नावं जमवली. एकेकाच्या घरातून आणखी दोन मतं, म्हणजे बहात्तर. त्यातून बावीस खोटारडे वजा. कुंपणवाला माणूस, खांब मोजताना कुजके आधीच बाजूला काढतो. उरले पन्नास. नावं जमवताना त्रास एवढाच झाला की बारवाला एबेर तिसऱ्या नंबरासाठी अडून बसला, कारण त्याच्या मेव्हण्याला चौथा मिळाला होता. अधिवेशनात काय करतात ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा कागदावर फोटो होता बासिलिओ आर्रोस्पिदेचा. हा माजी मंत्री गावाला आवडायचा. पुराच्या वर्षी तो आला, शाळेत सगळ्यांबरोबर रस्सा जेवला आणि स्वतःची ताटली धुऊन गेला. ही गोष्ट अजून सांगतात. काहींच्या सांगण्यात आता त्याने मोठं पातेलंही घासलेलं असतं.

यादी सांभाळणारे खासदार ओलासो. जिल्हा कचेरीत शब्द त्यांचा चालतो, नोकरीही तेच देणार होते. पण त्यांना वारं फिरल्याचा वास लागला आणि त्यांनी आर्रोस्पिदेला सोडून सिनेटर पोन्सचा हात धरला. हा पोन्स मोंतेविदेओचा. त्याने टीव्हीवर सांगितलं होतं की तीनशे माणसांच्या आतल्या गावात रोजचा दवाखाना देशाला परवडत नाही, पंधरवड्याने एक गाडी फिरवली की पुरे. एबेरच्या बारमध्ये सगळ्यांनी ते ऐकलं. एबेर उठला आणि त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. त्या बारमध्ये याहून मोठा निषेध आजवर झालेला नाही.

मतदानाला पाच आठवडे उरले असताना ओलासोंचा सेक्रेटरी मोरेइरा नवे गठ्ठे घेऊन आला. तीच चोवीस नावं, त्याच क्रमाने. वरचा फोटो तेवढा बदललेला. एल्बिओने माझ्यासमोरच, पोस्टाच्या दारात गठ्ठा उघडला.

मग म्हणाला, "माणसांना विचारलं का?"

"कोणत्या माणसांना?" मोरेइरा गाडीतून न उतरताच म्हणाला. "तुझीच आहेत ना?"

एल्बिओ पुन्हा घरोघर हिंडला. प्रत्येकाला नवा कागद दाखवला, लूर्देसच्या नोकरीचं सांगितलं. नाव कोणीच मागे घेतलं नाही. फोटोचं काय रे, आम्ही तुझ्याकडे बघून आहोत, असंच सगळे म्हणाले. इतक्या सहज कोणी मान डोलावली की मी पोस्टात फॉर्म दोनदा तपासते. एल्बिओने तपासलं नाही. फक्त नीबियाने कागद उजेडात धरला. तिचं नाव दुसरं होतं. म्हणाली, "बरोबर याच्या हनुवटीखाली आलेय मी. दाढी करून द्यायला उभी केल्यासारखी." मग कागद घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवला आणि म्हणाली, लूर्देससाठी करीन.

मतदानाच्या रविवारी पहाटेपासून भुरभुर पाऊस होता. शाळेच्या एका वर्गात आम्ही केंद्राचे तिघे, दुसरा वर्ग गुप्त खोली. तिथे टेबलावर सगळ्या पक्षांच्या, सगळ्या इच्छुकांच्या कागदांच्या थप्प्या. आठ वाजता एल्बिओने स्वतःच्या शंभर कागदांची थप्पी मोजून ठेवली आणि शेजाऱ्याचा ट्रक घेऊन आडबाजूच्या वस्त्यांवर माणसं आणायला गेला. पक्षाची प्रतिनिधी म्हणून नीबिया स्टोव्हजवळ बसली. मांडीवर विणकाम, बाजूला माते या कडवट काढ्यासाठी गरम पाण्याचा थर्मास, आणि वहीत कोण येऊन गेलं त्याच्या खुणा. पाऊस म्हणून तिने पिठाच्या तोर्ता पुऱ्यांसारख्या तळून आणल्या होत्या. सगळ्या पक्षांनी खाल्ल्या.

कागद संपले की काय, हे बघायला दर तासाला आम्हाला गुप्त खोलीत जावं लागतं. म्हणून मला एल्बिओच्या आधी कळायला लागलं. अकरापर्यंत चौतीस माणसं येऊन गेली होती, आणि त्याच्या थप्पीतून फार तर तीन कागद उचलले गेले होते. आर्रोस्पिदेचे कागद गावात कोणी वाटलेसुद्धा नव्हते. जिल्ह्याहून आलेला लहानसा गठ्ठा कोपऱ्यात पडला होता. तो अर्धा झाला होता.

दुपारी मी त्या खोलीतून बाहेर आले तेव्हा एल्बिओ दारात उभा होता. टोपीतून पाणी गळत होतं. ट्रकमधून चार म्हाताऱ्या उतरत होत्या. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं लोक माझ्या हातातल्या तारेकडे बघायचे, तारा यायच्या तेव्हा.

"शेजारीण, आत कागद पुरेत का?"

"पुरेत."

"आणखी आणून ठेवू?"

"नको."

त्याने टोपी झटकली. "बरेच जण घरूनच खिशात घालून आणतात."

"आणतात की," मी म्हणाले. याहून जास्त सांगायची मला मुभा नव्हती. आणि असती तरी काय सांगणार होते?

यादीतली माणसं दिवसभर येत राहिली. एबेर आला तो पाकीट छातीशी धरून, सगळ्यांना दिसेल असा. मेव्हणा आला, पेटीत पाकीट टाकून त्याने नीबियाला डोळा मारला. चारपर्यंत नीबियाच्या वहीत चोवीसपैकी, तिचं स्वतःचं सोडून, सतरा नावांपुढे खुणा झाल्या. ती दर वेळी आभार म्हणून मान हलवून "ग्रासियास, शेजारी" म्हणायची आणि पुन्हा टाके मोजायला लागायची. साडेपाचला मी माझं मत देऊन आले. साडेसहाला एल्बिओ शेवटच्या फेरीहून परतला, बूट पायपुसण्यावर नीट घासले आणि स्वतःचं पाकीट घेऊन आत गेला. पाच मिनिटं आत होता. एक कागद पाकिटात घालायला एवढा वेळ लागत नाही, पण म्हटलं, थकलाय.

साडेसातला दार बंद झालं. आले होते सत्त्याण्णव जण. पेटी उलटी केली, पाकिटं फोडली, थप्प्या लावल्या. आर्रोस्पिदे अठ्ठावन्न. दुसऱ्या पक्षांचे मिळून चोवीस. कोरे चार. पोन्सच्या फोटोखाली एल्बिओची चोवीस नावं असलेले अकरा.

आमच्या केंद्राच्या अध्यक्षबाईंनी ते अकरा दोनदा मोजले. मी आकडा लिहिला आणि नीबियापुढे सहीला कागद सरकवला. तिने विणकाम बाजूला ठेवून सही केली. एल्बिओ भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. मोरेइराचाच असणार. त्याने आवाज संपेपर्यंत वाट बघितली, मग बाहेर जाऊन स्वतः फोन लावला. "अकरा," एवढंच आम्हाला ऐकू आलं. पलीकडून फारसं काही बोलणं झालं नसावं, कारण तो लगेच आत येऊन खुर्च्या उचलायला लागला.

सोमवारी दुपारपर्यंत यादीतले सतरा जण एल्बिओच्या घरी जाऊन आले. प्रत्येकाने हात हातात घेतला आणि सांगितलं की बाबा, लोकांचं काय सांगावं, माझं मात्र त्यात आहे. एबेर तर बाटली घेऊन गेला. अकरा मतं आणि हक्कदार सतरा. एल्बिओने सतराही जणांचे आभार मानले. नीबियाने सतराही वेळा माते भरून दिला.

चार वाजता दोघं पोस्टात आली. नीबियाच्या हातात कापडात गुंडाळलेलं पार्सल होतं. आत शाळेचा पांढरा अंगरखा आणि निळी फीत. नात इथे येणार म्हणून मे महिन्यातच शिवून ठेवलेला.

"तिथेही हाच लागतो," नीबिया म्हणाली. "लांबी सोडून शिवलाय. पुढच्या वर्षीही चालेल."

मी पार्सल काट्यावर ठेवलं. एल्बिओ काउंटरवर कोपर टेकून उभा होता.

"शेजारीण, ते अकरा कोणाचे ते कळतं का कुठून?"

"नाही. पाकिटावर नाव नसतं."

"बरं आहे," तो म्हणाला. मग काट्याकडे बघत म्हणाला, "माझं त्यात नाही."

नीबिया पार्सलला आडवी दोरी घालत होती. हात थांबले नाहीत.

"आत गेलो," एल्बिओ सांगायला लागला, कोणाला ते नक्की कळत नव्हतं. "थप्पी बघितली. सकाळी ठेवली होती जवळपास तशीच. म्हटलं, नोकरी तर गेलीच. त्यात तो वरून बघतोय. उभा राहिलो, उभा राहिलो. हात जाईना. मग कोपऱ्यातला उचलला."

"किती वाजता गेलास?" नीबियाने विचारलं.

"साडेसहा झाले असतील."

"मी आठला गेले. सगळ्यांच्या आधी." तिने दोरी ओढली. "खिशातून काढला, न बघता घातला. दिवसभर तोंड कडू होतं माझं, म्हाताऱ्या."



"इथे बोट ठेव," ती म्हणाली.

त्याने गाठीवर बोट ठेवलं. तिने वरून दुसरी गाठ मारली, त्याने बोट काढून घेतलं, आणि पार्सल गेलं.

देशात पोन्स जिंकला, अठ्ठावन्न कागदांची पर्वा न करता. ओलासोंचं नाव सिनेटच्या यादीत वर चढलं. झाडलोटीची नोकरी शेजारच्या गावच्या यादीवाल्याच्या सुनेला मिळाली, त्याने त्र्याऐंशी मतं दाखवली होती. ती रोज बसने येते, शिट्टी वाजवत फरशी पुसते, तिचा काही दोष नाही. ऑक्टोबरात सगळं गाव पुन्हा येईल, दंडाच्या भीतीने, आणि पक्ष तोच म्हणून पोन्सचाच कागद टाकेल.

आता कोणी काय दिलं तेवढं लिहायचं. पोन्सने काही दिलं नाही. ओलासोंनी एक शब्द दिला होता, तो पन्नासाच्या अटीवर, त्यामुळे तो परत गेला. जे थंडी म्हणून घरी बसले त्यांचं काही गेलं नाही, आणि ज्यांनी आर्रोस्पिदेला मत दिलं त्यांनी आपल्या मनातलंच केलं. अगदी शेवटी एल्बिओनेही तेच केलं. दिलं ते अकरा जणांनी, पोन्स नको असताना, लूर्देससाठी. एक नीबिया. एक मी. उरलेले नऊ त्या सतरांमध्येच कुठेतरी आहेत, आणि खरं सांगितलं तरी आता त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.