उजवा स्पीकर

"आता तीन मिनिटं कुणी बोलायचं नाही. खुर्चीसुद्धा कुरकुरू द्यायची नाही," असं बजावून मी सोफ्यावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, छोटा माइक उभा केला. घरच्या बाई निवृत्त नर्स. त्या तोंडावर बोट ठेवून दारात उभ्या राहिल्या.

होम थिएटरचा रिसीव्हर सुरू झाला. डावीकडून सूं, मधून सूं, उजवीकडून, मग पाठीमागून. दुपारची वेळ, पडदे ओढलेले, आणि तो आवाज झोपेत चालणाऱ्या माणसासारखा खोलीभर फिरत होता. कुठला स्पीकर किती लांब, किती मोठा, याचा अंदाज यंत्र त्यावरून घेतं. ही तीन मिनिटं मला फार आवडतात. सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं.

यंत्राचं झालं की माझं सुरू. तीस वर्षं हेच काम करतोय. बाजारात मला कानसेन म्हणतात ते उगीच नाही. माइक काय, पढवलेलं बोलणार. शेवटचा शब्द माझ्या कानाचा. मी सोफ्यावर बसलो, डोळे मिटले, समुद्राच्या लाटांचा आवाज लावला आणि उजवा स्पीकर मोठा करत गेलो. एक, दोन, चार, सहा. आता कुठे समुद्र समोर आला.

मग बाईंना तिथे बसवलं. "बोटीत बसल्यासारखं वाटतंय की नाही?"

बाईंनी मान तिरकी केली. "भाऊ, समुद्र सगळा उजवीकडे का पळालाय हो?"

माझं डोकंच सणकलं. "बाई, इंजेक्शन कसं द्यायचं हे मी तुम्हाला कधी शिकवायला आलो होतो का?"

"बरं बाबा, चुकलं माझं," त्या हसून म्हणाल्या. त्यांनी लाटा बंद करायला लावल्या. "आता तुम्ही बसा. डोळे मिटा."

डाव्या कानाशी बोटं चोळल्याची खसखस आली. "आली," मी म्हणालो. मग बराच वेळ काहीच नाही. खोली इतकी शांत की डुलकी लागावी.

"दमलात की काय? उजवीकडे करा ना आता."

"केव्हाची करतेय," बाई हळूच म्हणाल्या.

डोळे उघडले तर त्यांची बोटं माझ्या उजव्या कानाला टेकायचीच बाकी होती, आणि त्या अजून चोळत होत्या. वर्षभर बायको रस्त्यानं माझ्या डावीकडूनच चालतेय. "इकडून ये," म्हटलं की "राहू दे, हीच बाजू बरी," म्हणते. मला वाटायचं, या वयात हे काय नवीन खूळ! तिनं ओळखलं होतं. कानावर माझं पोट आहे, म्हणून बिचारी बोलली नव्हती.

"डॉक्टरांना दाखवा. कधी नुसता मळ असतो, कधी नस असते. पण दाखवा," बाई म्हणाल्या.

"आणि लोकांना कळलं तर? कोण बोलावेल मला?" मी विचारलं. लाज वाटली हो, फार लाज वाटली.

"ते नंतर बघू. आधी माझा समुद्र जागेवर आणा."

मी रिमोट त्यांच्या हातात दिला. आजवर जुळवणी करताना कुणा गिऱ्हाइकाला हात लावू दिला नव्हता. मी बटणं सांगत गेलो, त्या ऐकत गेल्या. उजवा स्पीकर एकेक अंकानं उतरला आणि माइकनं ठेवला होता तिथेच येऊन थांबला.

"हां! आला मधोमध." बाईंनी डोळे मिटले. लाटा त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना दिसत होत्या. माझ्यापर्यंत एकच किनारा येत होता. तरी मी लाट संपेपर्यंत उभा राहिलो.

खाली येऊन जिन्याच्या पायरीवर बसलो आणि फोनमधली यादी काढली. या वर्षात बेचाळीस घरं. बेचाळीस घरांत आवाज उजवीकडे कललेला, आणि लोक आपले मी लावलंय म्हणून गुपचूप तसंच ऐकत बसलेले. पहिला नंबर लावला, फोन डाव्या कानाला धरला.

"नमस्कार. एकदा घरी येऊन जावं म्हणतो. तुमचा उजवा स्पीकर मी जास्त मोठा लावलाय. नाही, नाही, यंत्र चांगलं आहे. माझा कान बिघडलाय."

मग दुसरा लावला.