रद्द केलेले अकरा दिवस

मित्रांनो, माझ्या पेटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर 'बिघडलेला' असे लिहिले आहे. ती चिठ्ठी खोटी आहे, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांनाही हे ठाऊक आहे.

मी एक जुना प्रकाशमापक आहे. मला दुर्बिणीच्या मागच्या टोकाला बसवतात. ताऱ्याचा प्रकाश माझ्या काचेच्या डोळ्यावर पडला की माझा काटा सरकतो. काटा जितका पुढे, तितका तारा तेजस्वी. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला आपल्या टेबलावर बनवले. मला नव्या मालकाच्या हाती देताना तो म्हणाला, "याच्यावर डोळे मिटून विश्वास टाका. खोटं बोलायला अक्कल लागते. ती मी यात घातलेलीच नाही."

माझे मालक मोजणीदार होते. दिवसा ते लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजत आणि दिवेलागणीनंतर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत एकच तारा मोजत. छप्पर बाजूला सरकवले की आभाळ दिसे. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली काकू म्हणे. त्या स्टुलावर वही घेऊन बसत. मोजणीदार आकडा सांगत, काकू पेन्सिलीने लिहून घेत.

तो तारा लाल महाराक्षसी जातीचा होता. सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीलाही गिळून टाकील एवढा मोठा. म्हाताऱ्या माणसाच्या तब्येतीसारखे त्याचे तेज कमीजास्त होई, म्हणून तर तो रोज मोजायचा. पण मोजण्याची एक शिस्त होती. आधी त्याच्याजवळचा एक स्थिर तारा मोजायचा, मग लाल तारा, मग पुन्हा तो स्थिर तारा. काकूंनी त्याचे नाव शेजारीण ठेवले होते. हवा धूसर असली किंवा मी बिघडलो, तर दोघांचेही आकडे घसरणार. शेजारीण जागेवर असेल आणि एकटा लाल ताराच घसरला, तर तो खरोखर मंदावला असे समजायचे. चांगल्या हवेत शेजारणीचा आकडा चाळीस येई आणि लाल ताऱ्याचा साठच्या आसपास.

अशी एकवीस वर्षे गेली. देशोदेशीच्या निरीक्षकांचे एक मंडळ होते. मोजणीदार आपले आकडे तिकडे पाठवत आणि मंडळ त्यांना विश्वासू निरीक्षक म्हणे. ते मला मऊ फडक्याने पुसत. पाहुण्यांना सांगत, "हा माझा थोरला मुलगा. धाकट्यासारखा उलटून बोलत नाही." मीही ते खरे धरून चाललो होतो.

मग तो हिवाळा आला. इतर निरीक्षकांच्या गावी ढग होते. फक्त आमचे आभाळ मोकळे होते. पहिल्या दिवशी मी एकोणसाठ दाखवले. पुढे सत्तावन्न, चोपन्न, एक्कावन्न. अकराव्या दिवशी काटा सेहेचाळीसवर थांबला. इतका खाली तो तारा कधीच गेला नव्हता. शेजारीण मात्र रोज चाळीसवर होती.

त्याच रात्री मंडळाच्या संपादकांचा फोन गच्चीवर आला. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "अहो, तुमच्याच गावी कसा तारा विझतोय? पडताळायला दुसरं कोणी नाही. एकवीस वर्षांचं नाव आहे तुमचं. यंत्र जुनं झालं असेल, बघा बुवा."

"असेल, असेल," मोजणीदार म्हणाले. "जुनंच खोकं आहे ते."

काकूंनी वही मिटली नाही. "अहो, शेजारीण ठणठणीत आहे. खोकं बिघडलं असतं तर तीही घसरली असती. तुम्हीच शिकवलंय मला."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"एकवीस वर्षं लिहितेय. थोडं कळायला लागलंय."

"उद्या ढग हटले आणि तारा नेहमीसारखा निघाला तर? मंडळात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"हद्द मोजताना कोणी आरडाओरडा केला, म्हणून मोजणीची साखळी खोटी ठरवलीत कधी?"

मोजणीदारांनी कागद पुढे ओढला. त्यांनी मंडळाला पत्र लिहिले की, यंत्रदोषामुळे अकरा दिवसांचे आकडे रद्द समजावेत. मग मला दुर्बिणीवरून उतरवले, पेटीत ठेवले आणि चिठ्ठी चिकटवली.

नऊ दिवसांनी ढग हटले. सगळ्यांनी पाहिले की तारा खरेच मंदावला आहे. संपादकांचे पत्र आले. घसरण नेमकी कशी सुरू झाली ते कोणाकडे आहे का, असे त्यात विचारले होते. तारा धुळीमागे झाकला गेला की स्वतःच थंडावला, हे त्या पहिल्या दिवसांवरून ताडता आले असते. मंडळाने रद्द आकडे खोडून टाकले होते; ते दिवस आता जगात एकाच वहीत होते. काकूंनी ती मोजणीदारांपुढे उघडून ठेवली.

"रद्द केलेलं आता कोणत्या तोंडाने पाठवू? राहू दे."

"मग निदान त्याच्यावरची चिठ्ठी तरी काढा."

मोजणीदारांनी वही मिटली. मग म्हणाले, "चिठ्ठी काढली तर आकडे का रद्द केले ते सांगावं लागेल."

मित्रांनो, माझे काम गेले याचे मला एवढे वाईट वाटले नाही. यंत्रे जुनी होतात. पण त्या वाक्यानंतर मला कळले की मी बिघडलेलाच राहणे त्यांच्या सोयीचे आहे.

पुढे नवे यंत्र आले. काही महिन्यांनी तारा पुन्हा उजळला. मंडळाने त्याच्या घसरणीचा आलेख छापला आणि मोजणीदारांनी तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला. आलेखाच्या रेषेत सुरुवातीलाच एक मोकळी जागा आहे. तिच्याखाली बारीक अक्षरांत छापले आहे : 'या वीस दिवसांत कोठेही निरीक्षण झाले नाही.' त्यांतले अकरा दिवस मी मोजत होतो. त्याच भिंतीच्या फळीवर माझी पेटी आहे.

आम्हा यंत्रांवर शंका घेऊ नका, असे मी म्हणत नाही. जरूर घ्या, मोजणाऱ्याचे ते कामच आहे. पण शंका घेतलीत तर ती तपासा, आणि आमचे खरे निघाले तर तसे सांगून टाका. आम्हाला स्वतःची बाजू मांडता येत नाही.

काकूंनी ती वही माझ्याच पेटीत ठेवली आहे, त्या पानात पेन्सील घालून. कधी ही पेटी तुमच्या हाती आली तर चिठ्ठी वाचून थांबू नका. मला दुर्बिणीवर बसवा आणि आधी शेजारणीकडे रोखा. काटा चाळीसवर थांबेल. मग वही उघडा.