खालच्या दोन पायऱ्या

आदेशच्या हातात कला होती आणि तिचा त्याला थोडा गर्वही होता. ऊर्जानगरच्या रस्त्यावर रहीमभाईंच्या गॅरेजात त्याने सात वर्षं मोटरसायकली खोलल्या आणि जोडल्या. गॅरेज बंद झालं तेव्हा रहीमभाईंनी उरल्यासुरल्या सामानाचं एक पोतं त्याच्या खांद्यावर दिलं. मोडक्या गाड्यांचे फुटरेस्ट, भंगारातल्या जीपचे सीटबेल्ट, लोखंडी पट्ट्या, नटबोल्ट. गावी येऊन तो धानाच्या बांध्या कसू लागला, तरी त्या पोत्याला त्याने कोणाला हात लावू दिला नाही. त्याची बायको चंदा चिडवायची, "दुसरी बायको आनली म्हना की पोत्यात."

यंदा धान भरायला लागलं आणि रानडुकरांनी बांध्या उकरायला सुरुवात केली. रात्री राखणीला जागल करणं भाग होतं. पण शेतात जमिनीवर झोपायचे दिवस राहिले नव्हते. उन्हाळ्यापासून वाघाने शेजारच्या गावातली दोन माणसं उचलली होती. शेताच्या कडेला धुऱ्यावर येनाचं झाड होतं, सरळसोट, खाली एकही फांदी नाही. आदेशने पोतं उपडं केलं.

पट्टीला भोकं पाडून एकेक फुटरेस्ट त्याने बोल्टने आवळला. मागून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं, म्हणजे खोडावर घसरणार नाही. सीटबेल्ट खोडाभोवती फिरवून बकलात अडकवला की पायरी तयार. अशा नऊ. पहिली कमरेइतक्या उंचीवर, कारण डुकराची धडक बसायला नको. वर दोन फांद्यांच्या मध्ये खाटेची नवार विणून बसायची जागा. दिवसा गवताला चंदाच जायची, त्यामुळे खरं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. तसं तो कबूल करत नव्हता एवढंच.

"चढून दाखव," तो म्हणाला.

"मी काय वांदर आहो?"

"वाघ इचारत नाई, वांदर आहेस का मानूस."

पहिल्या दिवशी तिसऱ्या पायरीवरच ती रडकुंडीला आली. आठवडाभरात पदर खोचून अशी सरसर चढू लागली की शेजारच्या बांधीतले वारलूभाऊ काम टाकून बघत राहायचे. आदेश खाली उभा राहून आकडे मोजायचा. दहाच्या आत ती वर. वरून त्याला वाकुल्या दाखवायची. त्या दिवसांत तो फार सुखात होता, हे सांगायलाच हवं.

मग एका सकाळी सगळ्यात खालची पायरी गायब झाली. कोणीतरी भंगारात घातली असणार. लोखंड दिसलं की काही लोकांचे हात शिवशिवतात. आदेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उरलेल्या एकुलत्या फुटरेस्टची त्याने नवी पायरी केली आणि युक्ती काढली. खालच्या दोन पायऱ्या झाडावर ठेवायच्याच नाहीत. शेतात जाणाऱ्याने थैलीतून न्यायच्या, गेल्याबरोबर बांधायच्या, येताना सोडून आणायच्या. तिसरी पायरी चांगली डोक्याच्या वर होती. चढून दाखवा म्हणावं चोराला.

चंदाला हे पटलं नाही. "नेऊ द्या ना चोराले. जीव वाचवाले केलं का लोखंड वाचवाले?"

"मेहनत मी केली," तो म्हणाला. विषय संपला.

त्या दिवशी उजाडल्यावर तो झाडावरून उतरला. दोन्ही पायऱ्या सोडून थैलीत टाकल्या आणि घरची पायवाट सोडून सडकेवर गेला, गुणवंतरावांच्या टपरीवर. एक चहा झाला. गप्पा रंगल्या, दुसरा झाला. रात्रभर जागलेल्या माणसाने दोन चहा पिणं हा काही गुन्हा नाही. घरी गाय हंबरत होती. चंदाला वाटलं, नवरा झाडावरच झोपला असेल, पायऱ्या तिथेच असतील. विळा घेऊन ती निघाली. शेतात तो नव्हता. पण आलेच आहे तर भारा कापून घेते, असं तिला वाटलं असेल.

टपरीवर गावातला एक पोरगा धावत आला तेव्हा आदेशच्या हातात ग्लास होता.

तो पोचेपर्यंत लोकांनी डबे बडवून वाघाला पिटाळलं होतं. सगळे धानात चाळीस पावलांवर गोळा झाले होते. तिथून कोणाचा तरी रडण्याचा आवाज येत होता. आदेश तिकडे गेला नाही. तो आधी झाडाकडे गेला.

खोडाची साल नखांनी ओरबाडली होती. बुंध्याशी हिरव्या बांगड्यांच्या काचा. तिसऱ्या पायरीवर ओल्या चिखलाची चार बोटं. उडी मारून तिने पायरी धरली होती. लोंबकळली होती. पाय टेकवायला खाली काही नव्हतं.

त्याने थैलीतून पायऱ्या काढल्या आणि बांधल्या. आधी पहिली, मग दुसरी. हात थरथरत नव्हते, याचीच नंतर त्याला शिसारी आली. काचा पायाने मातीत दाबल्या, बोटांचा चिखल शर्टाने पुसला. मग तो बायकोकडे गेला आणि तिच्याजवळ आडवा पडून गुरासारखा ओरडला. ते रडणं खोटं नव्हतं.

दुपारी वनखात्याची माणसं आली. पंचनामा लिहिणाऱ्याने पायऱ्या मोजल्या, एक ओढूनही पाहिली. "पक्कं काम आहे. मग बाई चढल्या का नाहीत?"

वारलूभाऊ म्हणाले, "मी पाठमोरा होतो साहेब. वरडली तवा वळलो, तं त्यानं धरलंच होतं."

संध्याकाळी चंदाची आई वच्छलाबाई जिवतीहून आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. भरल्या अंगणात ती आदेशसमोर येऊन बसली.

"जवाईबापू, तुमी तं तिले शिकवलं होतं म्हने. मंग माही पोरगी चढली काऊन नाई?"

खरं सांगायला चार शब्द पुरे होते. ते त्याच्या तोंडात आले होते, जिभेवर आले होते.

"भेली असन, मामी," तो म्हणाला. "भेवानं इसरली असन."

वच्छलाबाईने मान हलवली. "तशीच होती ते. लहानपनापासून येंधळी. टायमावर काई सुचतच नव्हतं तिले." मग तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "तुमी तं सारं केलं होतं, बापू. तिलेच नाई जमलं."

आदेशने हात सोडवले नाहीत. त्याने मान डोलावली.