व्हर्लिनच्या हॉटेलातला क्रमवारीचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माणसांना मी पुरता वैतागलोय. फळे सहसा गरीब स्वभावाचे असतात. मीही होतो. पण अमेरिकेत, आयोवातल्या एका लहानशा कॉलेजच्या गावात, फुटबॉलवेड्या म्हाताऱ्यांसमोर तुम्हाला वर्षानुवर्षं टांगून ठेवलं असतं, तर तुमचाही स्वभाव बदलला असता.

माझा जन्म दूरच्या एका खाणीत झाला. मी अस्सल दगडाचा आहे, हल्लीच्या रंग फासलेल्या फळ्यांसारखा नाही. मला तासून, घासून, लाकडी चौकटीत बसवून आगगाडीने इकडे आणलं आणि मक्याच्या शेतांमधल्या एका खोलीच्या शाळेत लावलं. ती वर्षं सुखाची गेली. पोरं गणितं चुकायची, बाई पुसायच्या, पोरं पुन्हा चुकायची. पण गणित एकदा सुटलं की सुटलं. पावसात केलेल्या बेरजेला जास्त गुण द्या, असं तिथे कुणी म्हणत नसे.

पुढे पोरांना गावातल्या मोठ्या शाळेत न्यायला बस सुरू झाली आणि आमची शाळा बंद पडली. घंटा चर्चने नेली, बाकं शेतकऱ्यांनी नेली आणि मला व्हर्लिन स्टोल्झने नेलं. व्हर्लिन हा हॉटेलचा मालक आणि आचारीही. त्याने मला आतल्या भिंतीवर, बाहेरच्या दाराच्या अगदी समोर लावलं. आज जेवायला काय आहे ते ग्लेंडा माझ्यावर लिहायची. ग्लेंडा हूक्स्ट्रा तिथे वाढपाचं काम करते. तिचं अक्षर गोल आणि स्वच्छ. भाजलेल्या खिम्याची वडी, कुस्करलेले बटाटे, अ‍ॅपल पाय, एवढंच लिहायची आणि मला त्रास द्यायची नाही.

मग एका हिवाळ्याच्या तोंडाशी, रविवारी, चर्चमधून आलेल्या मर्लने खडू उचलला आणि माझ्या शांततेची वाट लागली.

मर्ल हा निवृत्त पोस्टमन. त्याच्यासोबत गावचा न्हावी आर्लो. दोघे आणि व्हर्लिन, हे तिघं मिळून आसपासच्या कॉलेजांतल्या रनिंग बॅकची क्रमवारी लावायला बसले. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो. तो पोटाशी दाबून, समोरच्या आडदांड पोरांच्या गर्दीत जो डोकं खाली घालून घुसतो, तो रनिंग बॅक. त्याला पाडायला अख्खा संघ टपलेला असतो. तो पडेपर्यंत जितके यार्ड पुढे जाईल, तितकी त्याची कमाई.

नियम आर्लोने केला. मैदानावर जे केलं तेवढंच धरायचं. उंची नाही, रूप नाही, कुणाचा मुलगा ते नाही, पेपरवाल्यांची स्तुती नाही. दहा यार्डांना एक गुण, चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, म्हणजे टचडाउन केलं, की सहा, चेंडू हातून सुटला की चार वजा. मॅच चुकली तर शून्य, शिवाय दोन पायऱ्या खाली. कारण काहीही असो. मला सुरुवातीला हा नियम आवडला, खोटं कशाला बोलू? वशिला नाही, लाडीगोडी नाही. शाळेतल्या गणितासारखं चोख होईल असं वाटलं.

कसलं चोख! दर रविवारी नवा तंटा. दुबळ्या संघाविरुद्ध पळाला तर यार्ड पूर्ण धरायचे की अर्धे? मर्ल म्हणे अर्धे. मग दुबळा संघ कोणता, यावर दोन रविवार गेले. एकदा चिखलात मिळवलेल्या यार्डाला दीडपट गुण द्यायचं ठरलं, आणि लगेच चिखल किती झाला म्हणजे चिखल म्हणायचं, यावर आर्लो आणि मर्ल आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. आणि सोसायचं कुणी? मी. नाव लिही, नाव पूस, बाहीने पूस, कॉफीत बुडवलेल्या रुमालाने पूस. मर्लला मुद्दा पटवायचा असला की तो काट्याने माझ्यावर ठोकतो. माझ्या डाव्या कोपऱ्यावर ग्रेव्हीचा डाग आहे, तो एका वादातला. उन्हाळ्यात, मोसम नसताना, हीच माणसं माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत. नुसतं धूळ खात पडायचं. एकदा पेपरवाला येऊन माझा फोटो काढून गेला. बातमीत तिघांची नावं आली, माझं वर्णन आलं ‘भिंतीवरचा एक फळा’.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मग कर्टिसचं नाव माझ्यावर चढलं.

कर्टिस हा ग्लेंडाचा मुलगा. आमच्याच कॉलेजात शिकायचा. वडील लहानपणीच गेलेले, घरात ही दोघंच. पोरगा अंगाने फार मोठा नव्हता, पण घुसायला लागला की तिघे-चौघे लटकले तरी चार पावलं जास्तच टाकायचा. तिसऱ्या वर्षी तो क्रमवारीत आला, मग पाचवा झाला, मग तिसरा, आणि शेवटची मॅच उरली तेव्हा दुसरा. पहिल्या जागेवर मिलर्टन कॉलेजचा रँडॉल्फ होता. दोघांत तीन गुणांचं अंतर. तिघे म्हातारे नुसते पेटले होते. आपल्या गावचा पोरगा पहिला येणार, तोही वशिल्याने नाही तर नियमाने!

आता माझं दुखणं ऐका. रविवारी हे तिघे कसे बसायचे? तोंडं माझ्याकडे, पाठी दाराकडे. आणि कर्टिस दारातून यायचा. त्यामुळे तो कसा आत येतो ते त्यांना कधी दिसलंच नाही, मला मात्र दर वेळी समोर दिसायचं. तो दाराची चौकट धरायचा. मग काउंटरचा आधार घेत एक पाय जपून टाकत पुढे सरकायचा. कुणी मान वळवली की झटकन सरळ उभा राहायचा आणि हसायचा. ते त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि पुन्हा माझ्याकडे वळायचे. अरे, माझ्यात काय ठेवलंय! तुमच्या मागे जितंजागतं पोर लंगडतंय, आणि तुम्ही त्याच्या नावापुढचा आकडा बघून खूश होताय! मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. फळ्याला तोंड नसतं, एवढी एकच गोष्ट मला त्या मोसमात खरोखर डाचली.

ग्लेंडाला कळलं होतं. घरात लपणार कुठे? एका दुपारी हॉटेल रिकामं असताना ती त्याच्यासमोर बसली. जिना उतरताना तू तिरका होऊन उतरतोस, कॉलेजच्या डॉक्टरला दाखव, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तो म्हणत होता की डॉक्टरला दाखवलं तर शनिवारच्या मॅचला बाहेर बसवतील. ती म्हणाली, बसवू देत की. त्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “आई, ती माणसं माझ्यावर इतका जीव लावून बसलीत. मी शेवटच्या मॅचला घरी बसलो, तर मर्ल खडू हातात घेईल तेव्हा त्याच्याकडे मी कुठल्या तोंडाने बघू?”

ग्लेंडाने टेबल पुसायला घेतलं आणि बराच वेळ तेच टेबल पुसत राहिली. मला वाटलं, संपलं. आता हा पोरगा शनिवारी पळणार आणि गुडघ्याचं वाटोळं करून घेणार, आणि माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं जाणार की हा पहिला.

मॅचच्या आधीचा रविवार आला. मर्ल, आर्लो आणि व्हर्लिन आपापल्या जागी बसले. कर्टिसला पहिला यायला किती यार्ड लागतील याचा हिशोब चालला होता. ग्लेंडा कॉफीची किटली घेऊन आली, पण कुणाच्याच पेल्यात कॉफी ओतली नाही. किटली टेबलावर ठेवली.

“मला फुटबॉल कळत नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला सगळं कळतं. कर्टिसला एका धावेत सरासरी किती यार्ड मिळतात?”

तिघांनी एकदमच सांगितलं. अगदी दशांशासकट.

“चेंडू किती वेळा सुटला हातून?”

“एकदाच,” मर्ल म्हणाला. “आणि तोही ओल्या मैदानावर, त्याचा दोष नाही.”

“बरं. आणि त्याचा दुखरा पाय कुठला?”

आर्लोने विचारलं, त्याचा पाय दुखतोय होय? मर्लने आधी माझ्याकडे पाहिलं, उत्तर माझ्यावर लिहिलेलं असल्यासारखं. मग चाचरत म्हणाला की डावा असेल. व्हर्लिनला वाटलं उजवा. दोघं त्यावरही वाद घालायच्या बेतात होते, खरंच सांगतो, मला त्या क्षणी भिंतीवरून त्यांच्या डोक्यावर पडावंसं वाटलं.

तेवढ्यात दार उघडलं. कर्टिस आला होता. त्याने सवयीने चौकट धरली, आणि सगळे आपल्याकडे बघताहेत हे दिसताच चौकट सोडून ताठ उभा राहिला. हसला.

“ताठ उभा राहू नकोस,” ग्लेंडा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “घरी चालतोस तसा चालत ये.”

त्याने आईकडे पाहिलं. मग त्याचे खांदे पडले आणि तो निघाला. दारापासून टेबलापर्यंत फार अंतर नाही, पण त्याला ते पार करायला वेळ लागला. प्रत्येक पावलाला तो उजवा पाय ओढत होता आणि खुर्च्यांच्या पाठी धरत होता. मर्लच्या हातातला खडू कधी खाली पडला ते त्यालाही कळलं नाही. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या तिघांच्या पाठी माझ्याकडे होत्या. मला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं.

“उजवा,” कर्टिस म्हणाला. “तिसऱ्या मॅचपासून.”

आर्लोने उठून आपली खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. शनिवारी खेळायचं नाही, असं तिघांनी मिळून सांगितलं. कर्टिस खाली बघत म्हणाला, “मग मी खाली जाईन.”

“जाशील की,” आर्लो म्हणाला. “दोन पायऱ्या खाली जाशील. नियमच आहे, आणि मीच लिहीन. गेलास खाली तर काय आभाळ कोसळतंय? मुकाट्याने बस, पाय वर घे.”

शनिवारी तो खेळला नाही. आठवडाभरात शहरातल्या डॉक्टरने गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली. आणखी एक जोराचा धक्का बसला असता, तर पळणं सोडा, हा पाय जन्मभर वाकला नसता, असं डॉक्टरने ग्लेंडाला सांगितलं. आर्लोने बोलल्याप्रमाणे त्याचं नाव पुसून खाली लिहिलं. एक गुणही फुकटचा दिला नाही. लिहिताना मात्र खडू दोनदा मोडला.

ही माणसं त्यानंतर सुधारली, असं तुम्हाला वाटत असेल तर सोडून द्या. पुढच्या मोसमात बर्फातल्या यार्डांवरून पुन्हा तंटा झाला. मर्लचा काटा अजूनही माझ्यावर वाजतो. पण दार वाजलं की आता तिघांच्याही माना वळतात, येणारा माणूस कसा चालतोय ते बघून मगच ते पुन्हा माझ्याकडे बघतात. मित्रांनो, तुम्हीही क्रम लावाल, गुण मोजाल, कोण पहिला नि कोण शेवटचा यावरून भांडाल. खुशाल भांडा. पण ज्याचं नाव फळ्यावर लिहिलंय, तो मागे उभा असेल तर आधी त्याच्याकडे वळून बघा. माझ्याकडे बघायची कसलीही घाई नाही, मी भिंतीवरच आहे.

कर्टिस शेवटच्या वर्षी पुन्हा मैदानात उतरला. पूर्वीइतकं पळाला नाही, पण सगळ्या मॅच खेळला. मोसमाच्या शेवटच्या रविवारी हिशोब झाला आणि तो सहावा आला. मर्ल लिहायला उठला, तर ग्लेंडाने त्याच्या हातातून खडू काढून घेतला. सहाव्या जागी तिने आपल्या गोल अक्षरात मुलाचं नाव लिहिलं आणि गुणांच्या रकान्यात आकड्याऐवजी लिहिलं: ‘दोन्ही पाय ठणठणीत’.

आर्लोने नियम सांगायला तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. पुढच्या मोसमासाठी त्यांनी मला ओल्या फडक्याने वरपासून खालपर्यंत पुसलं, ती एक ओळ सोडून.