घरचे म्हणाले

जिवंत राहिलेल्या माणसाची गोष्ट ही समाजाची ठेव असते. हे वाक्य आमच्या संस्थेच्या जिन्यात मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे आणि ते मीच लिहिलेलं आहे. त्याच्याखाली ‘लिफ्ट बंद आहे’ असा कागद चिकटवलाय. लोक थांबून वाचतात तो.

संस्था घरगुती हिंसेविरुद्ध जनजागृती करते. बायकांच्या गोष्टी ऐकायच्या आणि पोस्टरवर मावतील एवढ्या करायच्या, हे माझं काम. एका आयुष्याला साधारण बारा शब्द मिळतात. यंदा गोष्टच मिळेना. ज्यांच्याकडे होत्या त्या बोलायला तयार नव्हत्या, आणि ज्या तयार होत्या त्यांच्या गोष्टी संस्थेच्या संचालक मॅडमना ‘जरा फिक्या’ वाटल्या. म्हणून मी ताईकडे गेलो.

ताईच्या मानेपासून डाव्या कोपरापर्यंत भाजल्याची खूण आहे. पंधरा वर्षांपूर्वी भाऊजींनी तिच्या अंगावर उकळतं पाणी ओतलं. पुढे चार वर्षांनी ते हृदयविकाराने गेले, आणि गेल्यावर फार चांगले झाले. भाचीच्या टेबलावर तिच्या या बाबांचा हसरा फोटो असतो. आईचा कुकर उडाला होता, एवढंच तिला माहीत.

ताई भाजी निवडत होती.

“नाव नको, फोटो नको,” ती म्हणाली. “आणि पोरीला कळता कामा नये. बाकी तुझं तू बघ.”

“अगं, कळणार कसं? नाव बदलतो ना.”

“लहानपणीही असंच म्हणायचास. मग मार मी खायचे.”

संमतीपत्रावर तिने ओल्या हाताने सही केली. पोस्टर झालं ते असं: ‘घरचे म्हणाले, कुकर उडाला. आमच्याकडे कुकर नव्हताच.’ सात शब्द. मॅडमनी टेबलावर हात आपटून दाद दिली. खाली बारीक अक्षरांत वय, मानेपासून डाव्या कोपरापर्यंतची खूण आणि ‘नाव बदलले आहे’. नाव मी अगदी इमानेइतबारे बदललं. कोपर तसंच राहिलं.

पोस्टरं बसथांब्यांवर लागली. त्यातला एक थांबा भाचीच्या कॉलेजसमोर होता. तिसऱ्या दिवशी ती चार मजले चढून ऑफिसात आली.

“मामा, ते तू लिहिलंयस?”

मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

“पाणी नको. आईचं आहे ना ते?”

“हो.”

बाबांबद्दल विचारील म्हणून मी मनात बरीच तयारी केली होती. माणूस, परिस्थिती, ताणतणाव, सगळं. तिने बाबांचं नावच काढलं नाही.

“घरचे म्हणजे कोण?”

“अगं, लिहिताना तसं लिहितात. म्हणजे सगळे मिळून...”

“सगळे कोण? आजी तेव्हा नव्हती. आजोबांना ऐकू येत नव्हतं. आई बेशुद्ध. हॉस्पिटलात सांगितलं कुणी?”

‘घरचे’ हा फार सोयीचा शब्द आहे. कायम अनेकवचनी, त्यामुळे त्यात कुणी एकटा सापडत नाही. त्या दिवशी भाऊजी बाकावर तोंड झाकून रडत होते. पोलिसाने वही उघडून विचारलं, काय झालं? मी तेव्हा जाहिरातीच्या धंद्यात नवा होतो. दोन शब्दांत सांगितलं. एकही दुरुस्ती न होता पास झालेली ती माझी पहिली ओळ.

“मी,” मी म्हणालो.

बोलायला लागल्यापासून मला अरे-तुरे करणारी पोर.

“तुम्ही सांगितलंत,” ती म्हणाली. “आणि आता परत तुम्हीच.”

ती जिना उतरून गेली. पावलं तळमजल्यापर्यंत ऐकू आली.

मी मॅडमकडे गेलो. म्हटलं, पोस्टर काढा. त्या म्हणाल्या, थांबे महिनाअखेरपर्यंत घेतलेत, रिकामे ठेवायचे का?

“मग निदान शब्द तरी बदला. घरचे नाही, भाऊ.”

“भाऊ कशाला?”

“कारण भाऊच म्हणाला होता. मी.”

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं, आता निदान इथे तरी कुणीतरी मला बोलेल. त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

“भाऊ म्हणाला, कुकर उडाला... अरे, हे तर जास्त लागतं! आधी नाही का सुचायचं?”

दोन दिवसांत सगळ्या थांब्यांवर भाऊ लागला. ताई फोन उचलत नाही. भाची उचलते आणि ‘आई कामात आहे, तुम्ही नंतर करा,’ म्हणते.

त्या महिन्यात पोस्टरवरच्या नंबरावर एकतीस फोन आले. त्यातल्या सव्वीस जणांना कुकर दुरुस्त करून हवा होता.