बेचाळीस पावलं

कृत्तिका परुळेकर गावात आली त्याच्या तिसऱ्या दिवसापासून माणसं तिला पाहून लुळी पडू लागली. ती समोरून येताना दिसली की ज्याचा त्याचा उजवा हात खांद्यातून सुटे आणि जमिनीवर घासू लागे. ती वळणाआड गेली की हात पुन्हा जागच्या जागी. तिने ही नोंद वहीत वेळेसकट केली.

ती आली होती चिखल्या पक्ष्यांसाठी. प्राणिशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडलेली, पाहणीचं पहिलंच काम. पुळणीवर, भरतीच्या रेषेच्या वर, सात नंबरच्या घरट्यात तीन अंडी होती. घरटं म्हणजे वाळूतला वाटीएवढा खळगा. जवळ गेलं की मादी पंख मोडल्याचं सोंग करी, फरफटत आपल्याला दूर नेई आणि बेचाळिसाव्या पावलाला भुर्रकन उडून जाई. दर वेळी बेचाळीसच. कृत्तिकाने अकरा वेळा मोजलं होतं.

घरट्याकडे सरळ जायचं नाही, हा या कामातला पहिला नियम. कडेने जायचं, न थांबता पुढे निघायचं आणि लांबून वळसा घेऊन परतायचं. माणसाचे ठसे जिथे थांबतात तिथे काय असतं, हे कावळ्यांना कळतं.

ती शेवंतीकाकूंकडे राहत होती. सकाळी काकू डाव्या हातात कप घेऊन आल्या. उजवा मागून सारवलेल्या जमिनीवर रेघ ओढत आला.

"काकू, तुमचा हात लोंबतोय."

"लोंबतलोच. तू बघतंस मां."

"दुखत नाही?"

"दुखाक कित्याक व्हया? चाय घे, थंड जातली. आणि ये माझ्यावांगडा."

काकूंनी तिला विहिरीपर्यंत नेलं. मग हात खट्कन बसला, आणि त्या काहीच न झाल्यासारख्या दोन्ही हातांनी पाणी शेंदू लागल्या. बेचाळीस पावलं.

नाक्यावर दाजी रिक्षावाले भेटले. त्यांचे हात शाबूत होते. रिक्षेचं मागचं चाक निखळून लोंबत होतं आणि रिक्षा चालत होती.

"बस गो. देवळापर्यंत सोडतंय."

"मला पुळणीवर जायचंय, दाजी."

"थंय काय हा? वाळूच मां."

"अंडी आहेत."

तिने जणू त्यांच्या मुलांची नावं घेतली, असे दाजी तिच्याकडे बघत राहिले.

कृत्तिकाने आलेख कागदावर बाण काढले. कोणी तिला कुठून कुठे नेलं, त्याचे. मग ते सगळे पट्टीने उलट दिशेला वाढवले. विहिरीचा, देवळाचा, नाक्याचा, सगळे बाण एकाच बिंदूतून निघत होते. घरटं नंबर सात.

पुळण सोमवारी साठ मीटर रुंद होती, गुरुवारी एकतीस. आज टेप लावली तर नऊ. एका बाजूने सुरूची झाडं पुढे आली होती, दुसऱ्या बाजूने समुद्र. वळसा घ्यायला जागाच उरली नव्हती.

ती परत फिरू शकली असती. पण आज अंडी उबवण्याचा पंचविसावा दिवस होता, आणि दुर्बिणीतून नुसती वाळू दिसत होती. तिन्ही पिल्लं बाहेर आली की नाही, एवढंच तिला पाहायचं होतं.

ती सरळ गेली.

तिन्ही होती. ओली, वाळूच्याच रंगाची. एकाच्या पाठीवर अजून कवचाचा तुकडा चिकटलेला. तिला पाहताच ती जमिनीशी सपाट झाली आणि त्यांनी डोळे मिटले. कृत्तिकाने वेळ लिहिली, दहा वाजून चौदा मिनिटं, आणि मागे वळली.

तिच्या पहिल्या ठशात एक कावळा उभा होता. त्याने दुसऱ्या ठशात पाय ठेवला. मग तिसऱ्यात. प्रत्येक ठसा त्याच्या पायाने पुरेपूर भरत होता.

सुरूंच्या रांगेत गाव उभं होतं. कोणाचा हात लोंबत नव्हता. त्यांच्या पायाशी चिखल्याची मादी होती, दोन्ही पंख नीट मिटून.

"काकू!" कृत्तिका ओरडली. "त्याला दूर न्या. तुम्हाला येतं ते."

"आमका बघणा नाय तो, बाय," काकू म्हणाल्या. "तुझ्याच मागसून इलो मां."

तेव्हा कृत्तिकाचा उजवा खांदा सुटला. दुखलं नाही. वही वाळूत पडली. हात ओढत ती घरट्यापासून पाण्याकडे निघाली. मधूनमधून मान वळवून ती पाहत होती. कावळा घरट्याशी थांबला. मग तिच्यामागे वळला.

आठव्या पावलाला पाणी लागलं. पाण्यात ठसे उरत नव्हते, तरी तो चुकत नव्हता. मागे वाळूचे तीन ठिपके उठले आणि धावत सुटले. तीस. छत्तीस. पाणी कमरेला आलं. ऊन पाठीवर होतं आणि कावळ्याची सावली तिच्या पुढे पडली होती, तिच्या सावलीहून लांब. चाळीस. एक्केचाळीस.

खांदा खट्कन जागेवर बसला. बेचाळिसावं पाऊल तिने उचललं, आणि ते खाली ठेवलं नाही.