जाळीतला फुटबॉल

मी एक जुना फुटबॉल आहे. क्लबच्या सामानाच्या कपाटात, सरावाच्या फुटलेल्या शंकूंच्या आणि धुवायच्या राहिलेल्या मोज्यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. शेजार काही फारसा चांगला नाही, पण या वयात तक्रार तरी कुणाकडे करायची? मित्रांनो, मला हातात घेतलेत तर एक गोष्ट तुमच्या लगेच लक्षात येईल. माझ्या अंगभर चौकोन उमटले आहेत. नवी मुले विचारतात, ही कसली नक्षी? ती नक्षी नाही. मी कितीतरी दिवस एका जाळीत बांधलेला होतो, तिचे ते वळ आहेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला शिवणाऱ्या बाईने शेवटचा टाका घालून दोरा तोडला, मला हातावर फिरवून पाहिले आणि "बरा झालाय" एवढेच म्हणाली. माझे पहिले कौतुक ते. पुढे काही दिवस दुकानात धूळ खात बसलो, आणि मग एका माणसाने मला काखेत मारून घरी नेले. तो गोदामात ट्रकवर माल बांधण्याचे काम करायचा. त्याने मारलेली गाठ वाटेत कधी सुटत नाही, असा त्याचा लौकिक होता. घरी त्याची एकुलती एक मुलगी होती. एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. घरासमोरच्या गल्लीत ती मला मारायची आणि मी वाटेल तिकडे धावायचो. पण गल्लीला उतार होता आणि उताराच्या टोकाला मोठा रस्ता. एका संध्याकाळी मी घरंगळत थेट त्या रस्त्यावर गेलो. भिंगरी माझ्यामागे धावत आली. तिची नजर फक्त माझ्यावर होती. ब्रेक करकचून लागल्याचा आवाज झाला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर एक ट्रक थांबला.

तिचे बाबा दारातच उभे होते. त्यांनी सगळे पाहिले. ते ओरडले नाहीत की रागावले नाहीत. मुलीला घरात नेले, पाणी पाजले, आणि मग उंबऱ्यावर बसून गोदामातल्या दोरीने माझ्याभोवती जाळी विणायला घेतली. एकही गाठ सैल बसली नाही, आणि धरायला दोरीचे एक टोक त्यांनी मोकळे सोडले.

"चेंडू बांधलात, आता पोरीलाही बांधा," भिंगरीची आई म्हणाली.

"तू गप्प बस," बाबा म्हणाले. पण त्या बोलण्यात जोर नव्हता.

तेव्हापासून माझे जग हातभर उरले. दाराजवळचा अरुंद बोळ हेच आमचे मैदान. दोरीचे टोक भिंगरीच्या डाव्या मुठीत आणि मी तिच्या उजव्या पायापाशी. ती मारायची, मी हातभर जायचो, दोरी ताणली जायची आणि मी मुकाट्याने परत तिथेच यायचो. पुन्हा मार, पुन्हा परत. गल्लीतून दुसऱ्या मुलांच्या चेंडूंचा आवाज यायचा तेव्हा जीव नुसता तळमळायचा. येणारेजाणारे मात्र दारात थांबून वाहवा करायचे. पोरीच्या पायाला काय जादू आहे, चेंडू जागचा हलत नाही, म्हणायचे. मी हलणार कसा, हे कुणी विचारले नाही.

दोन उन्हाळे असे गेले आणि भिंगरी क्लबमध्ये जाऊ लागली. तिला मधल्या फळीत खेळायचे होते. मलाही ती खांद्याला अडकवून न्यायची आणि मैदानाच्या कुंपणाला टांगून ठेवायची. तिथे लटकत मी रोज पाहायचो. क्लबचे चेंडू मैदानभर हुंदडत असायचे. चिखलाने माखलेले, पोचे आलेले, पण मोकळे. मला त्यांचा हेवा वाटायचा.

पण त्याहून जास्त भिंगरीची काळजी वाटू लागली. बोळातली जादूगार मैदानात हरवून जायची. चेंडू आला की ती खाली मान घालून त्याच्याभोवतीच घोटाळायची. मागून कुणीतरी यायचे आणि तो अलगद काढून न्यायचे. मैत्रिणी आधी हाका मारायच्या, मग त्यांनी हाका मारणेही सोडले.

"तिला दिला की गेला. परत काही मिळत नाही," एकजण कुंपणापाशी पाणी पिताना म्हणाली. भिंगरीने ते ऐकले आणि ऐकले नाही असे दाखवले.

क्लबला शिकवणाऱ्या बाई एकेकाळी स्वतः मधल्या फळीत खेळलेल्या. त्यांनी एक दिवस सराव संपल्यावर भिंगरीला थांबवले.

"तुझ्या डाव्या मुठीत काय आहे गं?"

भिंगरीने मूठ उघडली. "काही नाही, बाई."

"मग आवळतेस कशाला? चेंडू पायाशी आला की तुझी मूठ वळते. मी किती दिवस बघतेय."

बाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि त्यांची नजर कुंपणावर, माझ्यापाशी येऊन थांबली.

"घरी याच्याशीच खेळतेस? दोरी धरून?"

"हो."

"तरीच." बाई खाली गवतात बसल्या आणि तिलाही बसवले. "पाय चांगला आहे तुझा, त्यात वाद नाही. पण चेंडू यायच्या आधी मागे कोण आहे ते तू बघत नाहीस. आला की सोडत नाहीस. डावा पाय नुसता उभं राहायला ठेवलायस. आणि कुणी हिसकावून नेला की जागेवरच थांबतेस, जसा काही तो आपणहून परत येणार आहे. बोलत तर अजिबात नाहीस. बांधलेल्या चेंडूपुढे बोलायची गरज पडली नसेल, पण इथे पडते. महिन्याभरात संघ निवडायचा आहे मला. तोवर हे सुधारलं नाही, तर तुला बाहेर बसवावं लागेल. तेव्हा माझ्यावर रागावू नकोस."

मित्रांनो, ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. इतके दिवस मी स्वतःचेच दुःख कुरवाळत होतो. दोरीच्या एका टोकाला मी बांधलेला होतो आणि दुसऱ्या टोकाला ती, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

घरी आल्यावर तिने मला बाबांच्या ताटाशेजारीच ठेवले.

"बाबा, जाळी सोडा."

"जेवू दे."

"जेवा. पण मग सोडा."

"तो बांधलाय म्हणून मी कामावर निर्धास्त असतो," बाबा म्हणाले. "विषय संपला."

भिंगरी सहसा उलट बोलत नसे. पण त्या दिवशी बोलली. "चेंडू बांधलात तुम्ही, पण मी अजून मागे बघत नाही, बाबा. बाई म्हणाल्या. त्या दिवशी रस्त्यावरही बघितलं नव्हतं. हा बांधून माझी मान कशी वळणार?"

बाबांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी हात धुतले, मला मांडीवर घेतले आणि गाठी सोडवू लागले. इतक्या लाथा खाऊन गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. आईने कात्री पुढे केली.

"नको. बांधलं मी, सोडणारही मीच."

लोखंडी टोच्याने एकेक गाठ सैल करता करता ताटातले अन्न थंडगार झाले. जाळी गळून पडली तरी मी जागचा हललो नाही. हलायचे असते हेच विसरलो होतो.

पुढच्या सुट्टीपासून गोदामाचे रिकामे आवार आमचे झाले. फाटक बंद करून आई मला समोरून ढकलायची. बाबा भिंगरीच्या मागे उभे राहून एक हात वर करायचे, कामावर मागे येणाऱ्या ट्रकला दिशा दाखवतात तसा. मी पोहोचण्याआधी तिने मान वळवून तो हात पाहायचा, "डावा" किंवा "उजवा" असे मोठ्याने सांगायचे आणि त्या बाजूच्या पायाने मला तिकडेच धाडायचे. पहिल्या दिवशी मी तिला ओलांडून गेल्यावर ती "डावा" म्हणाली. दुसऱ्या खेपेला तिच्या डाव्या पायाने मला नेमके बाबांच्या नडगीवर नेऊन आदळले. आई हसून खाली बसली. बाबा नडगी चोळत पुन्हा उभे राहिले. मूठ मात्र अजूनही मधूनच वळायची.

निवडीचा सामना आला. क्लबच्या चेंडूंत हवा नव्हती आणि पंपाची सुई मोडली होती. भिंगरीने मला पुढे केले. बाईंनी मला दाबून पाहिले, माझ्या चौकोनांवरून अंगठा फिरवला आणि होकार दिला.

तिचा खेळ काही एकदम बदलला नव्हता. सुरुवातीला तिने मला धरून ठेवले आणि गमावले. पण ती थांबली नाही, धावत मागे आली आणि मला सोडवून नेले. कुंपणापाशी बाबा तारेला घट्ट धरून उभे होते.

सामना संपत आला होता. मागच्या फळीतून मला तिच्याकडे ढकलले गेले. तिच्या पाठीमागून एक धिप्पाड मुलगी धावत येताना मला दिसत होती, आणि मला तर ओरडता येत नाही. माझा जीव टांगणीला लागला. एवढ्यात भिंगरीची मान वळली. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"पळ, देते!" ती आपल्या संघातल्या, कडेने धावणाऱ्या मुलीला म्हणाली. मी तिच्या पायाशी पोहोचतो न पोहोचतो तोच तिने डाव्या पायाने मला समोरच्या संघातल्या दोघींच्या मधून पार पुढे धाडले.

कडेच्या मुलीने मला गाठले आणि जोरात फटका मारला. मी खांबाला लागून बाहेर गवतात पडलो. गोल झाला नाही. मी वळून भिंगरीकडे पाहिले. तिची डावी मूठ उघडी होती. ती आपल्या जागेवर परत धावत होती, आणि धावताना मागे वळून पाहत होती. माझ्याकडे नव्हे, मैदानाकडे. मी परत येण्याची वाट ती आता बघत नव्हती. मला वाईट वाटले आणि आनंदही झाला, दोन्ही खरे.

ती संघात आली. "डावा पाय अजून लाकडाचाच आहे," बाई म्हणाल्या, "पण येईल." भिंगरीने मला क्लबला देऊन टाकले. त्या दोरीने बाबा पुन्हा माल बांधतात असे ऐकतो.

मित्रांनो, आम्हा चेंडूंना जपा. हवा भरा, उन्हात टाकू नका, चिखल लागला तर पुसा. पण जपायचे म्हणून अडकवून ठेवू नका. या कपाटाला कडी आहे आणि ती बाहेरून लागते. मैदानावर पावलांचा आवाज येतो आहे. सराव सुरू झाला असेल, तर कुणीतरी दार उघडा.